सुट्या मालाची कसोटी मागच्या खोलीत

पुणे-मुंबईत आणि गोव्यात गेल्या काही वर्षांत ‘शून्य कचरा’ अशी पाटी लावलेली किराणा दुकाने उघडली. काचेच्या बरण्या, लाकडी फळ्या, दर्शनी भागात बांबूचे दात घासायचे ब्रश, काथ्याच्या घासण्या, स्टीलच्या नळ्या. लोक कुतूहलाने येतात, फोटो काढतात, एखादा ब्रश घेतात आणि महिन्याचे सामान भरायला पुन्हा मॉलची वाट धरतात. बांबूचा ब्रश तीन महिने पुरतो; तूरडाळ रोज शिजते. गल्ला ब्रशवर अवलंबून ठेवून किराणा दुकानाचे भाडे निघत नाही. यातली जी दुकाने टिकली, त्यांच्याकडे गल्लीतले लोक तांदूळ, डाळ, गहू आणि साखर नेमाने घ्यायला येतात.

जर्मनीचा अनुभव हेच सांगतो. २०१४ मध्ये बर्लिनच्या क्रॉयझबर्ग भागात ‘ओरिगिनाल उनफरपाक्ट’ हे वेष्टनाविना विक्री करणारे दुकान लोकवर्गणीतून उभे राहिले. त्याचा गाजावाजा जगभर झाला आणि जर्मनीच्या गावोगावी तशी दुकाने निघाली. करोना आणि पाठोपाठची महागाई आली तेव्हा त्यांतली अनेक बंद पडली. ग्राहकाची तत्त्वे बदलली नव्हती. पण तो या दुकानातून थोड्याच वस्तू घेत होता आणि बाकीच्यांसाठी त्याला सुपरमार्केटमध्ये जावेच लागत होते. पैसे कमी पडू लागले तशी त्याने दोनातली एक फेरी वाचवली.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, आणि ती आपल्या बाजूची आहे. पोत्यातून तोलून देणारा वाणी अजून गावोगावी आहे. कमी कचऱ्याचे दुकान काढू पाहणाऱ्या तरुण मंडळींनी परदेशी दुकानांची सजावट जरूर पाहावी, पण धंदा शिकायला एखाद्या भुसार दुकानात चार महिने बसावे. सुट्या मालाचा धंदा हा मुळात धान्य सांभाळण्याचा धंदा आहे. प्लास्टिकची पिशवी एका झटक्यात नाकारता येते. ती पिशवी जे काम करत होती ते मात्र कुणालातरी करावेच लागते. ओल, कीड, धूळ आणि उंदीर यांच्यापासून माल राखण्याचे हे काम दुकानदाराच्या अंगावर येते.

कीड हा त्यातला सर्वांत मोठा भाग. पावसाळ्यातल्या उबदार, दमट हवेत तांदळातला सोंडा अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत साधारण चार ते पाच आठवडे घेतो. अंडे दाण्याच्या आत असते, म्हणून आज स्वच्छ दिसणारा तांदूळ महिन्याने वळवळू लागतो. डब्याचे माप यावरूनच ठरवायचे असते. दुकानात इंद्रायणी तांदूळ रोज दोन किलो खपत असेल, तर पन्नास किलोचा डबा रिकामा व्हायला पंचवीस दिवस लागतात, म्हणजे किडीला जवळजवळ पुरी मुदत मिळते. पंचवीस किलोचे दोन डबे ठेवले, एक पूर्ण संपवून, पुसून, उन्हात ठेवून मगच भरला, तर ती साखळी तुटते. जुन्या मालावर नवा माल ओतण्याची सवय तर कडक नियम करून बंद करावी. वरून भरायच्या आणि खाली तोटी असलेल्या पारदर्शक नळकांड्यांत कोपऱ्यात राहिलेला मूठभर जुना माल पुढच्या दहा किलोंना कीड लावतो. नळकांडी सुटी करून आतून धुता येत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

कडधान्यांचा प्रश्न आणखी वेगळा. मूग, मटकी, चवळी यांच्यावर भुंगेरा शेतातच अंडी घालतो. पोते दुकानात येते तेच कीड घेऊन. फोडलेल्या डाळीला त्याचा त्रास त्या मानाने कमी. म्हणून अख्खी कडधान्ये थोडी आणि वरचेवर आणावीत. आइस्क्रीमसाठी डीप फ्रीझर असलेल्या दुकानाला छोट्या लॉटपुरता एक सोपा उपाय करता येतो. आलेले पाच-दहा किलो कडधान्य घट्ट बंद करून उणे १८ अंशांवर चार-पाच दिवस ठेवले की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर बंद डबा दुकानाच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर दाण्यावर पाणी धरते.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना मात्र दुकानात थारा देऊ नये. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो आणि अनेक दुकानांच्या वरच राहती घरे असतात. त्या गोळ्या वापरणे हे अधिकृत धुरीकरण करणाऱ्यांचेच काम आहे, आणि तेही गोदामात.

ओलीचे भान जुन्या दुकानदारांना हाताने असते. दाणा दाताखाली धरला की कट्कन तुटला पाहिजे. दबला तर माल परत. ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांनी आर्द्रतामापक घ्यावा आणि गहू-तांदळाची ओल १२ टक्क्यांच्या वर असेल तर पोते उतरवूनच घेऊ नये. बाजरी आणि ज्वारी शक्यतो दाण्यातच विकावी. बाजरीच्या पिठातले तेल दळल्यानंतर लवकर खवट होते आणि आठ-दहा दिवसांत भाकरी कडू लागते. दुकानाच्या कोपऱ्यात छोटी गिरणी असेल तर हा प्रश्न उरत नाही, आणि ताज्या पिठासाठी येणारा ग्राहक आठवड्याला येतो.

आता कायदा. इथे उत्साही दुकानदारांची गल्लत होते. सगळेच सुटे विकता येत नाही, आणि जे विकता येत नाही त्यामागे कारणे आहेत.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि जलशोथाची साथ पसरून साठहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा नियम आला आणि राज्य सरकारने खास सूट दिल्याशिवाय तो आजही लागू आहे. त्यामुळे तोटीतून तेल भरून देण्याची कल्पना परदेशी चित्रफितींत शोभते, इथे ती अडचणीत आणते. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे. रिकामा डबा पुन्हा तेल भरायला वापरता येत नाही, पण भंगारात पत्र्याला भाव आहे. दोन-तीन कुटुंबांनी मिळून डबा घ्यावा असे दुकानदाराने सुचवायला हरकत नाही.

दळलेले मसालेही सुटे विकायला मनाई आहे. हळकुंड, धणे, अख्खी मिरची मात्र सुटी चालते. महाराष्ट्रात उन्हाळ्यात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन डंकावर जायची रीत आहेच. दुकानाने जवळच्या कांडप केंद्राशी ठरवून घेतले, तर ग्राहक मिरची इथून घेईल, तिथून आपल्याच डब्यात तिखट घरी नेईल, आणि नियमाला कुठेही धक्का लागणार नाही.

रद्दीच्या पुडीबद्दल अनेकांना फार जिव्हाळा आहे. दोऱ्याने बांधलेली ती पुडी दिसायला सुबक, पण छपाईच्या शाईत आरोग्याला घातक द्रव्ये असतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध सूचना काढली आणि २०१८ च्या वेष्टन नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला स्पष्ट बंदी घातली. कोऱ्या कागदाच्या पिशव्या महाग पडतात हे खरे. त्यांची किंमत ग्राहकाला वेगळी दाखवावी. घरून डबा आणायला त्याला तेवढे कारण पुरते.

प्लास्टिकबंदीचा इतिहास दुकानदारांच्या अंगावरून गेलेला आहे. २३ मार्च २०१८ ची राज्याची अधिसूचना, २३ जूनपासूनची कारवाई, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड, आणि आठवड्याभरात ५० मायक्रॉनहून जाड पिशवीत किराणा माल बांधायला मिळालेली सवलत. त्या सवलतीने धंद्याला श्वास घेता आला, हे नाकारता येणार नाही. पण तिने बदलाची निकडही घालवली. त्याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास किमान ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ती रुजली असती तर आज प्रत्येक दुकानात पिशव्या परत घेण्याची पेटी दिसली असती.

सुट्या मालाला कायद्याने दिलेला एक फायदा मात्र फार थोडे दुकानदार बोलून दाखवतात. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या आधी बांधलेल्या, लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी लागला. तोच माल ग्राहकासमोर तोलून दिला तर कर नाही. मात्र सकाळी निवांत वेळ आहे म्हणून एक-एक किलोची पाकिटे भरून फळीवर मांडली, की तो वैधमापनाच्या भाषेत आवेष्टित माल झाला. मग बांधणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत, एककाचा दर हे सारे छापणे आले. माल ग्राहकाच्या डोळ्यांदेखत मोजला जातो की नाही, यावर सगळे ठरते.

त्या मोजण्याकडे आता जवळून पाहू. ग्राहक स्टीलचा डबा पुढे करते आणि विचारते, “शेठ, डब्याचं वजन धरलंत का?” हा प्रश्न पडूच नये अशी मांडणी हवी. रिकामा डबा झाकणाशिवाय काट्यावर ठेवायचा, आकडा तिला दिसेल असा काटा फिरवायचा, तो वजा करून शून्य दाखवायचे आणि मग डाळ ओतायची. नेहमीच्या ग्राहकांच्या डब्याच्या बुडाशी रिकामे वजन पक्क्या शाईने लिहून ठेवले तर गर्दीच्या वेळी खोळंबा होत नाही. ओला डबा नम्रपणे परत करावा. “काकू, आत ओल आहे, डाळ खराब होईल” एवढे पुरते. आणि काटे दोन हवेत. तीस किलोच्या काट्याची पायरी पाच ग्रॅमची असते. त्यावर वीस ग्रॅम वेलदोडे तोलले तर अडीच ग्रॅम इकडेतिकडे झालेले कळत नाहीत, म्हणजे मालाचा आठवा हिस्सा. वेलदोड्याच्या भावाने ही चूक ग्राहकाला किंवा दुकानाला चांगलीच लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यायची हे सांगायला नको.

डाळीतही तूट हळूहळू खाते. किलोमागे दहा रुपये सुटत असतील, तर पन्नास किलोच्या पोत्यामागे पाचशे रुपये झाले. प्रत्येक किलोला दहा ग्रॅम जास्त पडले किंवा सांडले, तर पोत्यात अर्धा किलो गेला. दीडशे रुपये भावाने ते पंचाहत्तर रुपये होतात, म्हणजे नफ्याचे १५ टक्के. चांगला पसरट पळा आणि रुंद तोंडाचे नरसाळे यांची किंमत अशा तुटीतून लवकर वसूल होते.

एवढे करूनही मागच्या खोलीत काय येते हे न पाहणाऱ्या दुकानाचा कचरा कमी झालेला नसतो, तो फक्त ग्राहकाच्या नजरेआड गेलेला असतो. काही ठिकाणी एक-एक किलोची प्लास्टिक पाकिटे मागे फोडून पुढच्या बरणीत ओतली जातात. असे करणाऱ्याने ग्राहकाचा विश्वास गमावलेला आहे, त्याला ते कळायचे बाकी आहे. घाऊक व्यापाऱ्याकडून तागाच्या गोणीत माल मागावा, बारदान परत देण्याचा भाव ठरवावा. १९८७ च्या कायद्याने धान्यासाठी तागाचे वेष्टन आवश्यक केलेले असले, तरी खासगी बाजारात विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्यांचेच राज्य आहे. त्या आल्याच तर निदान फाडून नव्हे, शिवण उसवून उघडाव्यात, म्हणजे पुन्हा वापरता येतात. आणि पोत्याची चिठ्ठी त्या मालाचा डबा संपेपर्यंत जपून ठेवावी. तक्रार आली तर माल कुठून आला हे सांगता आले पाहिजे.

उरलेल्या वेष्टनांसाठी कचरावेचकांना विचारावे. पुण्यात २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलणाऱ्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद महिलांना कुठल्या प्लास्टिकला भंगारात भाव मिळतो हे कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमके माहीत असते. दुधाची धुतलेली पिशवी विकली जाते. बिस्किटाचा चकचकीत, अनेक थरांचा कागद कुणी घेत नाही. दुकानात कुठला ब्रँड ठेवायचा हे ठरवताना हा भाव विचारात घेतला, तर एका निर्णयाने शेकडो घरांतला कचरा बदलतो.

मोठ्या मापात घेणे आणि वाटून घेणे हेही आपल्याला नवे नाही. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरांत पोते यायचे, उन्हात वाळायचे, गव्हाला एरंडेल चोळले जायचे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, महिन्याची मागणी आणि पैसे आधी गोळा केले, आणि एका घरी माल उतरवून सभासदांनीच तो वाटून घेतला. आगाऊ मागणी असली की माल पडून राहत नाही, मग किडीला मुदत मिळत नाही. दुकानदाराने आपल्या वीस-पंचवीस नेहमीच्या घरांकडून महिन्याची यादी पंचवीस तारखेपर्यंत घेतली, तरी त्याची मागच्या खोलीतली निम्मी चिंता मिटते.

सरकारकडून एक गोष्ट मात्र हवी. ग्राहकाच्या डब्यात माल दिल्यावर तो नंतर खराब निघाला तर जबाबदारी कुठपर्यंत कुणाची, डब्याचे वजन वजा केल्याची नोंद बिलावर कशी दाखवायची, आणि सुट्या डब्यावर कोणती माहिती लिहिलेली असली म्हणजे निरीक्षकाचे समाधान होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे एका पानावर, मराठीत, वैधमापन शास्त्र यंत्रणा आणि अन्न व औषध प्रशासन या दोघांच्या सहीने मिळावीत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या किराणा व्यापारी संघांनी हे निवेदन एकाच मजकुराने दोन्ही कार्यालयांत दिवाळीचा माल भरण्याआधी द्यावे आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.