समुद्रावर फेरस सल्फेट

वरुड-मोर्शीकडे संत्र्याची नवती पिवळी पडली आणि पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की बागायतदाराला कोणी सांगावं लागत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुनखडी ते झाडाला लागू देत नाही. मग कृषी केंद्रातून फेरस सल्फेट आणायचं आणि फवारायचं.

२००९ साली हेच फेरस सल्फेट अंटार्क्टिकाकडच्या महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर सोडलं गेलं. ‘लोहाफेक्स’ नावाचा हा प्रयोग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा आणि जर्मनीचा. धुरा डॉ. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांच्याकडे होती. त्या पाण्यात नत्र-स्फुरद पडून असतं. जमीन लांब, धूळ पोचत नाही, म्हणून लोहाचीच वाण. लोह दिलं की वनस्पती-प्लवक माजतील, हवेतला कार्बन ओढतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाला जातील, असा हिशेब होता.

प्लवक वाढले खरे, दोन आठवड्यांत दुप्पट झाले. पण त्या पाण्यात सिलिका नव्हती. काचेसारखं कवच बांधणारे डायटम तिच्याविना वाढत नाहीत. वाढले ते बिनकवचाचे बारीक शेवाळजीव, आणि त्यांच्यावर कोपेपॉड नावाचे झिंग्याच्या कुळातले चिमुकले प्राणी तुटून पडले. कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्लं. तळाला गेलेला कार्बन नगण्य. मला हा प्रयोग फसलेला वाटत नाही. एक उणीव भरली की दुसरी पुढे येते, हे त्याने भर समुद्रात दाखवलं.

उष्ण कटिबंधातल्या भर समुद्राची तऱ्हा वेगळी. तिथे नत्राचीच मारामार. पाणी निळंशार दिसतं, कारण त्यात हिरवं फारसं नसतं. तरीही तिथे ‘प्रोक्लोरोकोकस’ हा प्रकाशावर जगणारा जिवाणू सुखाने नांदतो. १९८०च्या दशकापर्यंत तो कोणाच्या नजरेत आला नव्हता. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही लहान, पण मिलिलिटरभर पाण्यात लाखभर सापडतात. अंग जितकं लहान, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून विरळ पाण्यातूनही अन्न टिपता येतं. जनुकं जेमतेम दोनेक हजार. आणि गंमत बघा, स्फुरद महाग म्हणून तो पेशीच्या पापुद्र्यात बरंचसं काम गंधकावर भागवतो. डीएपीसाठी रांगेत उभं राहणाऱ्याने हे वाचून हेवा करावा!

तिथे काही वाया जात नाही. विषाणू पेशी फोडतात, सांडलेलं जिवाणू खातात, जिवाणूंना एकपेशीय शिकारी खातात, त्यांच्या मलमूत्रातला अमोनिया पुन्हा प्लवकांना मिळतो. लाहोरला जन्मलेले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फारूक आझम यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये या चक्राचा गाभा नीट मांडला. नव्या नत्राची थोडी भर पडते ती ‘ट्रायकोडेस्मियम’ या जिवाणूमुळे. तुरीच्या गाठींतले जिवाणू करतात तेच काम हा समुद्रात करतो, हवेतला नत्र बांधतो. उन्हाळ्यात अरबी समुद्र शांत झाला की तो लाकडाच्या भुशासारखा तरंगताना दिसतो. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या त्याच्या नोंदी जुन्या आहेत. त्यालाही लोह भरपूर लागतं, आणि ते येतं वाळवंटी धुळीतून.

कार्बन क्रेडिटची भाषा आता आपल्या बांधापर्यंत आली आहे, आणि समुद्रावर लोह टाकून क्रेडिट विकण्याची कल्पनाही जुनीच. २००८ मध्ये समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या लंडन कराराच्या देशांनी संशोधनापुरतीच मुभा ठेवली, ते बरं केलं. माझा विरोध प्रयोगाला नाही, दुकानाला आहे. समुद्रात किती पोती टाकली हे मोजता येतं. तळाला किती कार्बन पोचला आणि किती वर्षं तिथे राहील, हे मोजणं महाकठीण. पावती मात्र या दुसऱ्या आकड्याचीच फाडायची असते.