निकालाचा तक्ता आणि केमचा विद्यार्थी

पदवी परीक्षेच्या निकालावरून महाविद्यालयांची प्रतवारी लावण्याची प्रथा ऑक्सफर्डमध्ये १९६०च्या दशकात ‘नॉरिंग्टन तक्त्या’ने रूढ केली. तेथे सारेच विद्यार्थी निवडून घेतलेले असतात. म्हणून ती तुलना निदान क्षम्य ठरते.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. पण या एका जिल्ह्यातही शहरातील शिकवणीवर्गातून आलेला विद्यार्थी आणि करमाळा तालुक्यातील केमहून, शेतावर वा कुंकवाच्या कारखान्यात राबून आलेला विद्यार्थी एकाच रेषेवरून धावू लागत नाहीत. कोण कोठून निघाला, हे निकालाच्या तक्त्यात दिसत नाही. उद्या त्यावर अनुदान ठरू लागले, तर वर चढण्याचा सोपा मार्ग उघड आहे : कच्च्या विद्यार्थ्याला दाराबाहेरच ठेवावे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी नेमक्या अशाच मुलांसाठी वसतिगृहे उघडली होती.

प्रतवारी हवीच असेल, तर प्रवेशावेळचे आणि पदवीचे गुण शेजारी शेजारी छापावेत; मध्येच शिक्षण सोडणाऱ्यांची संख्याही द्यावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांकडे हे आकडे मागितले पाहिजेत. पहिल्या वर्गात किती आले, याबरोबरच वाटेत किती गळाले, हेही समाजाला कळले पाहिजे.