वेळ खरी, नाव खोटे

"सर, फर्स्ट कॉपी आहे. ओरिजिनल शेजारी ठेवले तरी ओळखू येणार नाही!" हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत लग्नाच्या मांडवात ऐकले, बँकेच्या रांगेत ऐकले, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातही ऐकले. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी अभिमान होता. आमच्या शाळेत शेजाऱ्याचा पेपर उतरवून पास झालेला मुलगा निदान चार दिवस मान खाली घालून फिरत असे. आता उतरवलेली गोष्ट मनगटावर बांधून मिरवायची पद्धत आली आहे. म्हणून हा लेख.

विषय तसा छोटा आहे. दोन ठिकाणच्या वेळा एकदम दाखवणारी, ड्युअल टाइम किंवा जीएमटी नावाने ओळखली जाणारी घड्याळे आणि त्यांच्या स्वस्त नकला. ही घड्याळे आमच्या वयाच्या माणसांपर्यंत कशी आली हे सांगायला नको. मुलगा पुण्यात, मुलगी कॅलिफोर्नियात, आणि आता फोन केला तर तिकडे पहाट असेल की मध्यरात्र, हा रोजचा हिशोब. दोन-तीन हजारांत दोन्ही वेळा दाखवणारे, वर मोठ्या स्विस कंपनीचे नाव असलेले घड्याळ मिळते म्हटल्यावर मोह होणारच. मोह होऊ नये असे मी म्हणत नाही. त्या पैशात नेमके काय मिळते ते तपासून पाहू, एवढेच म्हणतो.

आधी अस्सल वस्तू काय आहे ते पाहू. १९५० च्या दशकात लांब पल्ल्याची विमाने वाढली आणि वैमानिकांना घरची वेळ व मुक्कामाची वेळ एकत्र पाहण्याची गरज पडू लागली. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने १९५४ च्या सुमारास जीएमटी-मास्टर हे घड्याळ काढले. त्यात नेहमीच्या काट्यांखेरीज एक चौथा काटा असतो. तो चोवीस तासांत एक फेरी पुरी करतो. काचेभोवती चोवीस तासांची फिरती कडी असते. सुरुवातीच्या घड्याळांत हा चौथा काटा तासकाट्याला जोडलेलाच होता; कडी फिरवून दुसरी वेळ वाचायची. दोन्ही काटे स्वतंत्रपणे लावता येण्याची सोय त्यांनी १९८० च्या दशकात दिली. म्हणजे यात चमत्कार काही नाही. चार दातेरी चाके जास्त आणि थोडी युक्ती, एवढाच मामला. पण ती चाके नीट कापलेली असावी लागतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

नकलांची बाजू घेणारे तीन मुद्दे मांडतात. तिन्ही नीट ऐकून घेऊ.

पहिला मुद्दा: "आतली मशीन तीच, फक्त कंपनीचा फायदा वगळलेला." यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. नुसती वेळ दाखवायची असेल तर काही शे रुपयांचे सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ लाखोंच्या चावीच्या घड्याळापेक्षा अचूक चालते. क्वार्ट्झ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे होते. उलट स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचे प्रमाणपत्र मिळालेल्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. तेव्हा महाग म्हणजे बिनचूक, असा माझा दावा मुळीच नाही.

पण "मशीन तीच" हे मात्र खोटे. स्वस्त ऑटोमॅटिक नकलांत बहुधा साध्या तीन काट्यांच्या मशीनवर जादा चाके बसवून चौथा काटा फिरवलेला असतो. त्या चाकांचा भार मूळ मशीनवर पडतो. दाते सैल असतील तर काटा आज आकड्यावर आणि महिन्याने दोन आकड्यांच्या मध्ये. काही नकलांत चौथा काटा वेगळा लावताच येत नाही, तो तासकाट्याच्या मागे निमूट फिरतो. आणि काही क्वार्ट्झ नकलांत तर दुसऱ्या वेळेची छोटी तबकडी नुसती शोभेची असते, तिचे काटे कधी हलतच नाहीत! पाठीवर '१०० मीटर' असे कोरलेले असते. कोरणाऱ्याने ते घड्याळ निदान बादलीत तरी बुडवून पाहिले होते का, हे विचारायचे कोणाला?

दुसरा मुद्दा: "बिघडले तर दुरुस्त करू, नाहीतर फेकून देऊ." याचे उत्तर मला अनुभवातून देता येते. माझ्या पंचाहत्तरीला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला असेच घड्याळ दिले. मुलगी परदेशात आहे हे त्यांच्या लक्षात होते, म्हणून दोन वेळांचे. त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. आठ महिने ते चालले. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे गेली तेव्हा मी चौथा काटा मागे घ्यायला गेलो, तो फिरला आणि फिरतच राहिला. मग तारीखही अडकली.

आमच्या गावातले घड्याळजी चाळीस वर्षे त्याच टपरीत बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाठ उघडली आणि म्हणाले, "गुरुजी, हे उघडता येते, बरे करता येत नाही." मग समजावून सांगितले. मशीनवर ओळखीचा नंबर नाही, त्यामुळे सुटा भाग मागवायचा तर काय म्हणून मागवायचा? स्क्रूची डोकी इतकी मऊ की पेचकस लावताच झिजतात. साधे तीन काट्यांचे क्वार्ट्झ असते तर अख्खी मशीन बदलून थोडक्यात भागले असते. पण चार काट्यांच्या मशीनची उंची, काट्यांची भोके, तारखेच्या खिडकीची जागा, तबकडीचे पाय, हे सगळे तंतोतंत जुळावे लागते. जुळणारी मशीन शोधून मुंबईहून आणायची आणि बसवायची मजुरी द्यायची, तर नवे घड्याळ येईल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! ज्या कंपनीचे नाव वर आहे तिच्या सेवा केंद्रात जायची सोय नाही, कारण बनावट वस्तूला ते हात लावत नाहीत. विकणाऱ्याचा फोन तर केव्हाच बंद झालेला असतो.

त्याच टेबलावर एक एचएमटी जनता ऑइलिंगसाठी उघडून ठेवलेले होते. सतरा ज्युवेलचे, चावीचे. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यांचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. तो निर्णय झाला, तरी त्यांचे घड्याळ आजही गावच्या टपरीत दुरुस्त होते. कारण भाग ठरावीक मापाचे, माहितीचे आणि हजारो घड्याळजींच्या हाताखालून गेलेले. तेही स्वस्तच घड्याळ होते. नावच 'जनता'! स्वस्त असणे वेगळे आणि बेवारस असणे वेगळे.

फेकून देऊ म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारतो. फेकायच्या वस्तू विकत घ्यायची सवय लागली, की दुरुस्त करणारा माणूस उपाशी राहतो. आमच्या घड्याळजींचा मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. बापाचे भिंग तो हातात घेणार नाही, आणि त्याला दोष देण्याची माझी हिंमत नाही. उद्या तुमच्या आजोबांचे अस्सल घड्याळ बंद पडेल तेव्हा ते कोणाकडे नेणार?

तिसरा मुद्दा सर्वांत जोराने मांडला जातो: "मोठ्या कंपन्या नावाचे पैसे उकळतात. त्यांना कशाला द्यायचे?" देऊच नका! मी तरी कुठे दिले? पेन्शनीत ते बसणारही नाही. पण तुमच्या म्हणण्यात एक विसंगती आहे. नावाला किंमत नाही असे तुम्ही म्हणता, आणि घेताना मात्र ते नाव पाहूनच घेता. तीच मशीन, तीच डबी, आणि वर नाव नसलेले घड्याळ पाचशे रुपये कमी देऊन घ्याल का? घेणार असाल तर आपले भांडण मिटले. रूपाची नक्कल मला तितकी खटकत नाही. दोन रंगांची कडी आणि चौथा काटा असलेली घड्याळे अनेक कंपन्या स्वतःच्या नावाने विकतात. गाइड वाचून स्वतःच्या हाताने उत्तर लिहिणारा मुलगा आणि दुसऱ्याची उत्तरपत्रिका स्वतःची म्हणून देणारा मुलगा यांत शिक्षकाला फरक करावाच लागतो. खोटे नाव छापून विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याप्रमाणे तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तो विकणाऱ्याला लागू होतो हे खरे, पण विकणारा कोणाच्या जिवावर उभा असतो?

आता आम्हा भारतीयांची एक खास अडचण. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. बहुतेक जीएमटी घड्याळांत, अस्सल असो की नकली, चौथा काटा पूर्ण तासाच्या टप्प्यानेच सरकवता येतो, आणि मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच. म्हणजे आपला अर्धा तास मनातच मोजायचा! पुण्यात रात्रीचे आठ वाजले की कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. मनातच मोजायचे तर सोपी रीत अशी: रात्रीचे सकाळ करा आणि उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात दीड तास वजा करा. मार्च ते नोव्हेंबरची सुरुवात हा तिकडचा उन्हाळा धरायचा. ग्रिनिचची वेळ हवी असेल तर त्याहून गंमत आहे. काट्यांचे साधे घड्याळ उलटे धरा, सहा वर आणि बारा खाली. दुपारचे अडीच असतील तर नऊच्या आसपास वाचाल, आणि ग्रिनिचला तेव्हा सकाळचे नऊच असतात. भूगोलाच्या तासाला हे करून दाखवले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा जागी होत.

हिशोब नको असेल तर अर्ध्या तासाचे विभागही जाणणारी कॅसिओची डिजिटल घड्याळे आहेत. एई-१२०० या घड्याळात ३१ कालविभाग आहेत, त्यात दिल्लीही आहे, आणि सेल दहा वर्षे टिकावा असा कंपनीचा अंदाज आहे. किंमत नकलेच्याच घरातली. काट्यांचे आणि ऑटोमॅटिकच हवे आणि खिसा थोडा सैल असेल, तर सेकोने २०२२ साली परवडणारे जीएमटी काढले आहे. त्यातली मशीन ओळखीच्या नंबराची आहे. काहीच घ्यायचे नसेल तर दोन साधी घड्याळे भिंतीवर शेजारी शेजारी लावा, एकाखाली मुलीच्या गावाचे नाव लिहा. कोणाची फसवणूक नाही, आणि सेल घरी बदलता येतो.

विद्यार्थ्यांपैकी एकाने मध्यंतरी विचारलेच, "सर, आम्ही दिलेले घड्याळ घालत नाही?" मी त्याला सगळे खरे सांगितले. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, "सर, तुम्हाला शोभेल असे मोठे नाव द्यायचे होते." मी म्हटले, "बाळ, मला शोभायला तुम्हा बाराजणांची नावे पुरली असती. ती कोरून एखादे साधे घड्याळ दिले असते, तर बंद पडले तरी दुरुस्तीला नेताना मला लाज वाटली नसती."

असो. घड्याळ घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "हे बिघडले तर कोण उघडणार?" उत्तरादाखल तो नुसता हसला, तर पैसे खिशातच ठेवा.