पडद्याआडचा ट्रॉम्बोन

आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदाही मुलांची गाण्याची स्पर्धा आहे आणि परीक्षक म्हणून मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. का, ते सांगते. पण आधी जरा म्युनिकला जाऊन येऊ.

१९८० साली तिथल्या म्युनिक फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राला मुख्य ट्रॉम्बोनवादक हवा होता. (ट्रॉम्बोन म्हणजे नळी पुढेमागे सरकवत वाजवतात ते लांबलचक पितळी वाद्य.) उमेदवार ३३. त्यातला एक ऑर्केस्ट्राच्या ओळखीतल्याचा मुलगा. उगाच कोणी बोट दाखवायला नको, म्हणून सगळ्यांनी पडद्याआडून वाजवायचं असं ठरलं. सोळावा नंबर ॲबी कोनंट यांचा. त्यांना आलेल्या पत्रावर चक्क 'श्रीयुत' होतं! त्यांनी वाजवलं आणि मुख्य संचालक सर्जिउ चेलिबिडाके इतके खूश झाले, की उरलेल्या १७ जणांना न ऐकताच घरी पाठवलं. मग पडद्यामागून 'श्रीयुत' बाहेर आले, तर ती एक बाई!

म्हणजे बघा, पडदा लावला वशिला अडवायला आणि त्याने अडवला वेगळाच पूर्वग्रह, जो आपल्यात आहे हे परीक्षकांच्या गावीही नव्हतं.

ही गोष्ट सांगणारे बरेच जण इथेच थांबतात. मला खरी गोष्ट इथून पुढे वाटते. पुढच्या फेऱ्याही जिंकून कोनंटबाईंना नोकरी मिळाली, आणि वर्षभरात त्यांना दुसऱ्या ट्रॉम्बोनवर ढकललं. कारण काय, तर मुख्य जागेवर पुरुष हवा. बाई कोर्टात गेल्या. ताकद कमी पडते म्हणतात ना, मग फुफ्फुसं तपासून घेतली. ती ठणठणीत निघाली. मुख्य जागा परत मिळाली १९८८ मध्ये आणि पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीचा पगार १९९३ मध्ये. ऑडिशन किती मिनिटांची आणि भांडण किती वर्षांचं!

पडदा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अमेरिकेत तर सँडलची टकटक ऐकू येऊ नये म्हणून स्टेजवर गालिचा अंथरतात. क्लॉडिया गोल्डिन (२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या) आणि सेसिलिया राउस यांनी २००० साली या पडद्यांचा बायकांना फायदा झाल्याचं मांडलं. त्यातले आकडे तितके भक्कम नाहीत असा आक्षेप नंतर आला, तरी माझं मत बदललेलं नाही. फक्त पडदा लावला की आपलं काम संपलं, हे समाधान मला खोटं वाटतं. पडदा निघाल्यावर बढती, पगार, कोणाला पुढे बसवायचं, हे सगळं तोंड बघूनच ठरतं.

आता माझं. दोन वर्षांपूर्वी त्या स्पर्धेत मी माझ्या भाचीला दोन मार्क जास्त दिले. ती पहिली आली. (ताई, वाचत असशील तर रागावू नकोस, ती गाते छानच.) पण दुसरी आलेली मुलगी त्या दिवशी जास्त सुरात होती. मला ते तेव्हाच कळलं होतं. गेल्या वर्षी ती स्पर्धेत आलीच नाही.

सेक्रेटरींना म्हटलं, यंदा चादर टांगा, मुलांना मागून गाऊ दे. ते हसले, "कल्पना चांगली आहे वहिनी, मग तुम्हीच बसा परीक्षक म्हणून."

पण भाचीचा आवाज मी चादरीमागूनही ओळखीन हो. यंदा मी प्रसादाचं बघतेय.