वाचकाविना वारसा

यशवंतपूर स्थानकावर उतरून जी मराठी कुटुंबे बंगळुरात स्थिरावतात, त्यांच्या या नगरीत १६३८ नंतर शहाजीराजांचा दरबार भरत असे. त्याचे चित्र जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे. या संस्कृत काव्याच्या अखेरीस अनेक भाषांतील रचना येतात. अशी कृती बहुभाषिक श्रोतृवर्ग गृहीत धरते. पुढे ती विस्मृतीत गेली; वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केली, तेव्हाच ती पुन्हा अभ्यासकांपुढे आली.

साहित्यवाचनाची ओढ ओसरली म्हणजे समाज केवळ करमणुकीला मुकतो, असे नव्हे. व्यवहारापुरती भाषा तगून राहते. परंतु शेजाऱ्याचे सुखदुःख त्याच्या भाषेतून जाणण्याची सवय मोडते. मग शहाजीराजांचे नाव अभिमानाच्या घोषणेपुरते उरते आणि मराठी-कन्नड संबंधांचा विचार सीमावादापलीकडे जात नाही. पोथी ग्रंथालयात सुरक्षित असली, तरी तेवढ्याने वारसा जिवंत राहत नाही. बंगळुरातील मराठी घरात मराठी ग्रंथाशेजारी कन्नड ग्रंथही वाचला जाईल, तरच त्या दरबाराचा वारसा सांगण्याचा अधिकार टिकेल.