मोरीच्या नावाने बोंब कशाला?

न्यू जर्सी आणि लाँग आयलंडच्या समुद्रावर उन्हाळ्यात जाणाऱ्या तमाम मराठी मंडळींनो,

जुलै उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच तो व्हिडिओ फिरू लागतो. पाण्यात एक काळी आकृती, खाली लाल अक्षरांत "पोरांना पाण्यात सोडू नका!!" टीव्हीवाले तर थेट 'शार्कचं आक्रमण' म्हणून मोकळे होतात.

आक्रमण कसलं डोंबलाचं? पाणी तापलं की शार्क दक्षिणेकडून वर सरकतात, थंडीच्या आधी माघारी जातात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. ते आता काठाजवळ दिसतात ते बंकरमुळे. बंकर म्हणजे मेनहेडन मासा, आपल्या तारलीच्या कुळातला. जेमतेम फूटभर लांबी, कल्ल्यामागे काळा ठिपका, अंगात तेलच तेल. त्या तेलापायी जहाजांनी तो वर्षानुवर्षं उपसला. अखेर 2012 मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर त्याच्या पकडीला पहिल्यांदा एकत्रित मर्यादा ठरली. 2019 मध्ये न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत पर्ससीन जाळ्याने बंकर धरायला बंदी घातली. (पर्ससीन काय करतं, हे रत्नागिरी-मालवणच्या माणसाला कोणी शिकवायला नको.) आता बंकरचे थवे लाटा फुटतात तिथवर येतात. त्यांच्या मागे हंपबॅक देवमासे आले, शार्कही आले. देवमाशाला टाळ्या आणि शार्कला शिव्या, हा कुठला न्याय?

त्यात डोक्यावर ड्रोन. पूर्वी जो शार्क कुणाच्या नकळत निघून जायचा, त्याच्यासाठी आता अख्खा किनारा रिकामा करतात.

चावे बसतात, ते आम्ही नाकारत नाही. जुलै 2023 मध्ये लाँग आयलंडवर दोन दिवसांत पाच घटना नोंदल्या गेल्या. जीव एकाचाही गेला नाही. गढूळ पाण्यात बंकरवर झडप घालताना माणसाची पोटरी मध्ये येते, बहुतेक वेळा प्रकार एवढाच असतो. समुद्राच्या उलट्या ओढीत मात्र अमेरिकेत दरवर्षी सुमारे 100 माणसं बुडतात. तिचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करतं? आणि मोरीचं, म्हणजे शार्कचंच, मटण ओरपून वाढलेल्या आपण कोकण्यांनी मोरीला नरभक्षक म्हणावं, हे तर फारच झालं!

"मारून टाका" म्हणणाऱ्यांनो, इथल्या सँड टायगर शार्कला धरून ठेवायलाही कायद्याने मनाई आहे. बंदोबस्त करायचाच असेल, तर वाळूवर उभं राहून पाण्यात माशांचं रक्त-आतडी टाकणाऱ्या आणि फोटोपुरता शार्क ओढून काढणाऱ्या हौशी लोकांचा करा. पोहणाऱ्यांच्या शेजारी हा उद्योग दिसला, की लगेच लाइफगार्डला गाठा.

पाणी एके ठिकाणी ढगाची सावली पडल्यागत काळवंडलं, वर शिरशिरी उठली, पक्षी सूर मारू लागले, की तो बंकरचा थवा समजा आणि मुकाट बाहेर या. पहाटे आणि तिन्हीसांजेला पोहणं नको. कडी, साखळ्या, पैंजण गाडीत ठेवा, ती पाण्यात खवल्यांसारखी चमकतात. लाइफगार्ड नसेल तिथे पोरांना उतरवू नका.

हा कागद वाचून झाला की पुढच्या छत्रीखाली द्या.

— दर उन्हाळ्यात याच पाण्यात डुंबणारे काही मराठी लोक