रफाराचा पाय

मागच्या महिन्यात आमच्या शाखेवर नवा फ्लेक्स लागला आणि धर्मापुरीचा पाय मोडला. गावाचा नव्हे, गावाच्या नावातल्या 'र'चा. डोक्यावरचा रफार खाली उतरून 'धर्‌मापुरी' असा उभा. शिपाईमामांनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "साहेब, हे आपलंच गाव का?"

साहेबांनी मुख्य कचेरीचं नियमांचं पुस्तक पुढं केलं. चिन्हाभोवती मोकळी जागा किती, निळा नेमका कोणता, चिन्ह ताणायचं नाही, तिरकं करायचं नाही. मराठीबद्दल एकच ओळ: स्थानिक भाषा असल्यास खाली द्यावी. दिली होती की खाली!

असली नियमावली चित्रकामाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ॲडोबीचीही आहे. 1982 साली दोन मित्रांनी काढलेली ही कंपनी. पहिलं चिन्ह त्यांतल्या एकाच्या पत्नीने, मार्व्हा वॉर्नॉक यांनी, काढलं. म्हणजे घरचंच काम. आता त्यांचा नियम असा, की 'फोटोशॉप' हे क्रियापद म्हणून वापरू नये. 'मेव्हण्याचा फोटो फोटोशॉप केला' म्हणायचं नाही. 'ॲडोबी फोटोशॉप सॉफ्टवेअरच्या साहाय्याने सुधारला' म्हणायचं. मेव्हण्यासाठी एवढा श्वास कोण खर्च करतो?

पण माझा त्यांच्यावर राग नाही. आपल्या नावाला जपावंच माणसाने. माझं भांडण नियमावल्या लिहिणाऱ्या तमाम मंडळींशी आहे, आमच्या कचेरीतल्यांशी तर आधी. तुमच्या नावाला पानंच्या पानं, आणि आमच्या गावाच्या नावाला एक ओळ? ज्या गावात केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ उभं आहे, तिथे आम्हाला एक रफार धड उभा करता येऊ नये?

बरं, साधनांची वाण आहे म्हणावं, तर तेही नाही. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा टंक घडवला. ते 2008 साली गेलेसुद्धा. फोटोशॉपमध्येही देवनागरी नीट जुळवायची सोय आहे, फक्त सेटिंगमध्ये जाऊन तसं सांगावं लागतं. सरकारने 2022 साली दुकानांच्या पाट्यांवरची देवनागरी इतर लिपीहून लहान नको, असा कायदा दुरुस्त केला. उंची मोजली, रफार कुणी मोजायचा? नियमावलीत एवढंच घाला: छापण्याआधी मराठी वाचणाऱ्या एका माणसाला दाखवा. शिपाईमामा फुकट बघतील.

"लोकांना कळतं ना? मग झालं," साहेब म्हणाले.

साहेब, परवाच एका म्हातारीची स्लिप आपण परत केली. सहीतली वेलांटी नमुन्याशी जुळत नव्हती म्हणून! ती बिचारी भर उन्हात पुन्हा आली. तिलाही आपण कळत होतोच की.

साहेब गप्प झाले. दुसऱ्या दिवशी गावातल्या जुन्या पेंटरांना बोलावणं गेलं. त्यांनी पत्र्यावर आधी खडूने शिरोरेघ ओढली, बोटाने रफाराची जागा धरली. साहेब नियमाचं पुस्तक घेऊन निळ्याचा नंबर वाचू लागले.

"नंबर राहू द्या साहेब," पेंटर म्हणाले, "डबा दाखवा."